पर्लकोटेच्या पलीकडे वीस मीटर तार

माझे वडील चंद्रपुरात वारले तेव्हा मी पर्लकोटा नदीच्या पलीकडे होतो. नव्वदीच्या दशकातला श्रावण. मी भामरागडच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेचा मास्तर. भावाने त्याच दिवशी तार केली. तार अहेरीपर्यंत आली आणि तिथे थांबली, कारण रस्ता पाण्याखाली होता. पूर ओसरल्यावर एक कोतवाल ओल्या पिशवीत कागद घेऊन आला तो सहाव्या दिवशी. मी घरी पोचलो नवव्या दिवशी. दहाव्याला घाटावर बसलो, भावाने काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही.

ही गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. आज सांगतोय, कारण पावसाळा तोंडावर आहे, आणि दरवर्षी या दिवसांत आपल्याकडे "भामरागडचा संपर्क तुटला" ही बातमी येते. आपण ती वाचतो आणि पुढे सरकतो. संपर्क तुटला म्हणजे काय तुटतं, ते मला माहीत आहे.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प तिथून हाकेच्या अंतरावर, नदीच्या अलीकडे. छत्तीसगडात धो धो पाऊस झाला की इंद्रावती फुगते, ती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं आणि पुलावर चढतं. २०१९ च्या पावसाळ्यात भामरागडचा संपर्क वारंवार तुटला, बाजारपेठेत पाणी शिरलं. जुलै २०२२ मध्ये सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीने गावंच्या गावं हलवायला लावली.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुमचा जमाना गेला. तारखातं २०१३ मध्ये बंद झालं. आता पोराटोरांच्या हातात मोबाइल आहे. खरं आहे. पण मोबाइलचा टॉवर म्हणजे काय? लोखंडाचा सांगाडा, त्याला लागणारी वीज, वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल, आणि टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल किंवा दुसरा टॉवर. डिझेलची गाडी रस्त्याने येते. केबल बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्याच कडेने, पुलाच्याच अंगाने जाते. म्हणजे रस्ता आणि फोन या दोन वेगळ्या सोयी आहेत असं आपल्याला वाटतं, पण पुरात त्या एकदमच जातात. ज्या दिवशी फोन सगळ्यात जास्त हवा असतो, नेमका त्याच दिवशी तो नसतो.

माझ्या डोक्यात हॅम रेडिओ शिरला तो किल्लारीच्या वेळी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. भूकंपानंतर हौशी रेडिओवाले आपापले सेट घेऊन तिथे पोचले आणि निरोपांची ने-आण करू लागले, असं पेपरात वाचलं होतं. तेव्हा वाचलं आणि सोडून दिलं. पुढे डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी हौस म्हणून अंदमानात रेडिओ स्टेशन लावून बसली होती. जगभरातल्या हौशी लोकांशी बोलायचं, एवढाच उद्देश. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच स्टेशनवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्यांची अँटेना लाट येण्याच्या आधीच उभी होती. लाट आल्यावर कुणी अँटेना शिकायला बसलं नव्हतं.

मग पन्नाशीत परीक्षा दिली. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा ही परीक्षा घेते. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही, वरच्या श्रेणीला लागतो. थोडं विजेचं ज्ञान, थोडे नियम. पास झालं, परवाना मिळाला की तुम्हाला एक सांकेतिक नाव मिळतं, व्हीयू-दोन किंवा व्हीयू-तीनने सुरू होणारं, आणि ते नाव जगात दुसऱ्या कुणाचं नसतं. माझी बायको म्हणाली, "नातवंडांची नावं लक्षात राहत नाहीत, आणि हे पाठ करून राहिले."

सेट घेतला. आता अँटेना. आणि इथून माझी फजिती सुरू होते.

माझी समजूत अशी की अँटेना म्हणजे उंच. जितकी उंच तितकी चांगली. टॉवर बघून बघून आपल्या सगळ्यांचीच तशी समजूत झालेली आहे. मी मासे धरायच्या गळाची लांब काठी आणली, तिला तार गुंडाळून सरळ उभी केली, खाली चार तारा जमिनीवर पसरल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत भामरागड तालुक्यातल्या एका ओळखीच्या गावी गेलो. संध्याकाळी सेट लावला तर इंडोनेशियाचा माणूस खणखणीत ऐकू आला. मला आकाश ठेंगणं झालं. मग चंद्रपूरला हाक मारली. तिथे माझा भाचा माझ्या घरी सेट लावून बसला होता, त्याचाही परवाना आहे. हाक मारली, मारली, मारत राहिलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, पुन्हा तेच. इंडोनेशिया येतो, चंद्रपूर येत नाही!

परत आल्यावर नागपूरच्या एका जुन्या हॅम मित्राला सांगितलं. ते खूप हसले आणि म्हणाले, "गुरुजी, अंगणात पाइपने पाणी मारता ना? पाइप तिरपा धरला तर पाणी शेजाऱ्याच्या अंगणात. सरळ वर धरला तर तुमच्याच डोक्यावर. तुम्ही शेजाऱ्याच्या अंगणात पाणी मारलं. तार आडवी पाडा. आणि खाली आणा."

ते काय म्हणाले ते नीट सांगतो, कारण या पोस्टचा अर्धा मुद्दा त्यातच आहे.

आपल्या डोक्यावर साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटरवर हवेचा एक थर आहे. सूर्याच्या प्रकाशाने तो विजेने भारला जातो. ठराविक लहरी त्याला आपटून परत खाली येतात. उभी तार लहरी क्षितिजाच्या अंगाने फेकते. त्या लांब जाऊन थराला तिरप्या आपटतात आणि हजारो किलोमीटरवर उतरतात. मधला सगळा प्रदेश कोरडा. आडवी तार जमिनीपासून चार-सहा मीटरवर बांधली की बराचसा झोत सरळ वर जातो, थरावरून परततो आणि छत्रीसारखा आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पडतो. वरून पडतो म्हणून मध्ये डोंगर आला, घनदाट सागवान आलं, तरी फारसं अडत नाही. पोलिसांच्या किंवा वनरक्षकांच्या हातात असतो तसला छोटा वॉकीटॉकी बहुतेक समोरासमोरचं बोलतो. टेकडी मध्ये आली की तो गप्प होतो, वर रिपीटर नसेल तर. इथे टेकडीचा प्रश्नच येत नाही.

आता नकाशा काढा. चंद्रपूरहून सरळ रेषेत भामरागड सुमारे दीडशे किलोमीटर. सिरोंचा एकशे चाळीस. नागपूर एकशे पस्तीस. रस्त्याने ही अंतरं कितीही वेगळी असोत, आकाशातून ती जवळजवळ सारखीच आहेत, आणि तिन्ही या छत्रीच्या आत आहेत. एक आडवी तार इकडे, एक तिकडे. मध्ये काहीही लागत नाही. टॉवर नाही, केबल नाही, पूल नाही.

पुढच्या खेपेला दिवाळीच्या सुट्टीत त्याच गावी गेलो. या वेळी सामान बदललं. घरगुती वायरिंगची तांब्याची तार, नायलॉनची दोरी, इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे. हिशेब सोपा आहे: १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं, येईल तेवढे मीटर तार. ७.१ मेगाहर्ट्झला वीस मीटर आणि वर चार बोटं. मधोमध कापायची, दोन बाजूंना दहा-दहा मीटर, मध्ये केबल जोडायची. केबलचे आठ-दहा वेढे करून तिथेच बांधायचे, म्हणजे लहरी केबलवरून उलट्या सेटकडे येत नाहीत. सगळं मिळून सहा-सातशे रुपये लागले. ते सामान एका शबनम पिशवीत मावतं.

दोरी झाडावर टाकायला मी गलोल नेली होती. गलोलीने दगड, दगडाला मासे धरायची दोरी, तिच्यामागे नायलॉन. पुस्तकात फार सोपं वाटतं. गावाबाहेर दोन मोहाची झाडं नेमकी पंचवीस मीटरवर. मी नेम धरणार तेवढ्यात एक म्हातारे बाबा आले. माडियात काहीतरी बोलले. माझं माडिया इतक्या वर्षांनंतरही मोडकंतोडकं, पण "कुणाचं झाड?" एवढं कळलं. मला लाजल्यासारखं झालं. त्या गावात बारा वर्षं काढली, आणि मोहाचं झाड कुणाचं तरी असतं, मोह वेचायचा हक्क घराघराचा ठरलेला असतो, हे मी विसरलो! आपण शहरात राहायला आलो की जंगल म्हणजे कुणाचंच नाही असं वाटायला लागतं. झाडवाल्या घरी गेलो, सांगितलं, परवानगी घेतली. बाबांनी मग दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवलं. वर बघतो तर आग्या मोहोळ, परातीएवढं. माझ्या गलोलीचा दगड तिथे बसला असता तर ही पोस्ट लिहायला मी उरलो नसतो.

झाड बदललं. सहा वेळा गलोल मारली. दोन दगड फांदीत अडकले, एक कौलावर पडला. शेवटी बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा आला, माझ्या हातातली दोरी घेतली, कमरेला बांधली आणि लाल मुंग्या झटकत अर्ध्या मिनिटात वर. वरून ओरडला, "कितीक वर पाहिजे जी, गुरुजी?" मी म्हटलं, दोन पुरुष उंची पुष्कळ झाली. त्याला ते पटलं नाही. एवढ्या उंच झाडाचा एवढाच उपयोग? त्याने दुसरं टोक बांबूला बांधून दिलं. गडचिरोलीत बांबू मागावा लागत नाही.

दुपारी बाराला सेट लावला. चंद्रपूरला हाक मारली. भाचा लगेच बोलला, इतका स्पष्ट की जणू पलीकडच्या खोलीत. "मामा, आवाज छान येऊन राहिला." सेटची ताकद वीस वॅट, म्हणजे एका एलईडी ट्यूबएवढी. बॅटरी बारा व्होल्टची, यूपीएसमधली. पोरगं तोंड उघडं टाकून ऐकत होतं. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला तो ओल्या पिशवीतला कागद आठवला. दीडशे किलोमीटर. सहा दिवस. आणि हे किती वेळात झालं? मुंग्या झटकण्यासकट वीस मिनिटं.

ही सगळी मखमल नाही, तेही सांगतो. रात्री हा थर विरळ होतो. सात मेगाहर्ट्झवर अंधार पडल्यावर चंद्रपूर हळूहळू बुडतं आणि परदेशातले आवाज चढतात. तेव्हा साडेतीन मेगाहर्ट्झकडे उतरावं लागतं, त्याला चाळीस मीटर तार लागते. मी दोन्ही टोकांना दहा-दहा मीटरचे जादा तुकडे मगरचिमट्याने जोडतो. दिवसा चिमटा काढायचा, रात्री लावायचा. पावसाळ्यात विजांची खरखर एवढी असते की एकेक शब्द तीनदा सांगावा लागतो. वादळ माथ्यावर आलं की गुमान केबल काढून घराबाहेर टाकायची, हौस तिथे संपते. विजेच्या तारांच्या आसपास अँटेना कधीही, कधीही टाकायची नाही. आणि ओली जमीन, ओली झाडं यांनी अँटेनाचं माप थोडं सरकतं, म्हणून तार आधी जरा लांबच कापायची आणि टोक दुमडून जुळवायचं. हे सगळं एकदा वाचून येत नाही. उन्हात, पावसात चार-चार वेळा बांधून हाताला सवय लागते.

आता ज्या गोष्टीमुळे मला ही पोस्ट लिहावी की नाही असा प्रश्न पडला होता, ती.

दुसऱ्या एका खेपेला, दुसऱ्या एका गावी, मी असाच तार बांधून बसलो होतो. दुपारी जवानांची तुकडी आली. त्यांच्या नजरेने बघा: जंगलाच्या कडेला अनोळखी माणूस. जवळ बॅटरी. डबा. आणि झाडीत गेलेली लांब तार. गडचिरोलीत या तीन वस्तू एकत्र दिसल्या की काय आठवतं, ते वेगळं सांगायला नको. कित्येक जवान इथे अशाच तारेपायी गेले आहेत. मला लांबूनच हात वर करायला सांगितलं. मी केले. म्हातारे पाय लटलट कापत होते.

ठाण्यावर नेलं. दोन-अडीच तास बसवलं. कुणी उर्मटपणा केला नाही, चहा दिला. साहेब तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातले. परवाना बघितला, उलटून बघितला. म्हणाले, "आजोबा, हे आधी सांगायला काय झालं होतं?" मला उत्तर नव्हतं. चूक सरळ सरळ माझी होती. परवान्यावर पत्ता असतो, दुसरीकडे स्टेशन लावायचं तर त्याचे नियम असतात, आणि नियम नसते तरी या जिल्ह्यात न सांगता तार बांधणं हा मूर्खपणा आहे. केंद्र सरकारचा कागद खिशात आहे म्हणून मी निवांत होतो. ज्याला जीव मुठीत घेऊन गस्त घालायची आहे, त्याला माझा कागद पन्नास मीटरवरून कसा दिसणार?

मग त्यांनी सेट लावून दाखवायला सांगितलं. ठाण्याच्या आवारात, ध्वजाच्या खांबाला आणि कडुनिंबाला तार बांधली. भाचा आला, नागपूरचे मित्र आले, तिकडे पाऊस आहे का वगैरे बोलणं झालं. साहेब म्हणाले, "हे दुसरं कुणी ऐकत असेल?" मी म्हटलं, ज्याच्याकडे सेट आहे तो प्रत्येक जण. आम्हाला सांकेतिक भाषा वापरायला बंदी आहे. जे बोलायचं ते उघड, आपलं नाव सांगून. लपवाछपवी करणाऱ्याला ही सगळ्यात वाईट जागा. त्यांना ते पटलं असावं. मग जरा थांबून, खालच्या आवाजात विचारलं, "इथून माझ्या घरी निरोप जाईल का? आई आजारी आहे." मला म्हणावं लागलं, "नाही साहेब. एरवी दुसऱ्याचा निरोप आम्हाला पोचवता येत नाही. संकटात, नेहमीची यंत्रणा बंद पडली तरच." ते हसले. "म्हणजे पूर यायला पाहिजे."

हो. पूर यायला पाहिजे. आणि पूर आलाच.

जुलै २०२२. तोवर मी निवृत्त होऊन चंद्रपुरात, गुडघे गेलेले. बातम्या सुरू झाल्या तशी मी माझ्या गच्चीवरची तार नीट केली, रात्रीचे चिमटे तयार ठेवले आणि सेटसमोर बसलो. तीन दिवस. दिवसा सात, रात्री साडेतीन. नागपूर येत होतं. हैदराबाद येत होतं. माझ्याकडे सेट होता, तार होती, बॅटरी होती, परवाना होता. फक्त पलीकडून बोलायला कुणी नव्हतं. पलीकडे एकाही माणसाकडे परवाना असल्याचं मला माहीत नव्हतं. मी तीन दिवस खरखर ऐकली.

तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं अर्धाच धडा शिकलो होतो. मी तार पलीकडे नेली, चाचणी केली, खूश झालो आणि तार गुंडाळून परत आणली. ती मी पलीकडे ठेवली नाही, बांधणारा माणूसही तिकडे तयार केला नाही.

आपल्या आपत्ती व्यवस्थेबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. पोलिसांची वायरलेस आहे, प्रशासनाकडे सॅटेलाइट फोन असतात, बोटी येतात, हेलिकॉप्टर येतं. हे सगळं हवंच, त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण ही सगळी साधनं बाहेरून आत येणारी आहेत. तालुक्याच्या गावी येऊन ती थांबतात. पुढच्या पंचवीस-तीस गावांमध्ये, जिथे एक बाई अडली आहे, एकाला साप चावला आहे, एका आश्रमशाळेत दीडशे पोरं आहेत आणि तांदूळ दोन दिवसांचा आहे, तिथून आवाज बाहेर कसा येणार? गर्भवती बायांना पावसाळ्यापूर्वीच दवाखान्याजवळ आणून ठेवावं लागतं, बाजेची कावड करून पेशंट नाल्यापलीकडे न्यावा लागतो, असे फोटो आपण दरवर्षी बघतो. ज्यांचे फोटो येत नाहीत त्यांचं काय, हे मला विचारा.

म्हणून मागणी साधी आहे, फार पैशांची नाही. पुरात तुटणाऱ्या प्रत्येक तालुक्यात, नदीच्या पलीकडच्या बाजूला, परवाना असलेले निदान चार-पाच स्थानिक लोक हवेत. शिक्षक, आरोग्यसेवक, ग्रामपंचायतीतला शिकलेला पोरगा किंवा पोरगी, जे पावसाळ्यात गाव सोडून जात नाहीत असे. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे, चंद्रपुरात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना ही परीक्षा देता येईल. सेट महाग वाटतो, पण हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटेक्स नावाचा साध्या भागांचा सेट आखून जगाला मोकळा करून दिला आहे, तो पोरांना जोडता येतो. पोलिसांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं. कुणाकडे सेट आहे, तार कुठे बांधली जाते, याची यादी ठाण्यात असावी आणि वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात, ठाण्याच्या आवारातच सराव व्हावा. म्हणजे माझ्यासारखे हात वर करायची वेळ कुणावर येणार नाही, आणि त्या जवानाच्या छातीत धडकी भरणार नाही.

आणि हे आत्ता सुरू करावं लागेल. अर्ज, परीक्षा, पडताळणी, परवाना, सेट, सराव. यातली एकही गोष्ट पाणी पुलावर चढल्यावर होत नाही. तार वीस मिनिटांत बांधता येते, पण माणूस तयार व्हायला दोन वर्षं लागतात. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. वस्तूंची खरेदी होते, उद्घाटन होतं, फोटो निघतो आणि डबा कपाटात जातो. ज्याला तो चालवता येतो त्याची बदली होते.

काही जण म्हणतील, आता रस्ते होऊन राहिले, पूल होऊन राहिले, उपग्रहावरून इंटरनेट येऊन राहिलं, गुरुजींचं हे खेळणं कशाला? होऊ द्या ना. सगळं होऊ द्या. पूल झाला तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. पण जिथे अमेरिकेतही चक्रीवादळानंतर हॅम लोक तारा बांधून बसतात, तिथे पर्लकोटेच्या काठावर त्याची गरज उरणार नाही, असं मला तरी वाटत नाही.

आता शेवटचं. मोहावर चढलेला तो पोरगा मोठा झाला आहे. गडचिरोलीला शिकला, गावी परत गेला. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, "गुरुजी, तो रेडिओ आहे का अजून?" मी त्याला मराठीत टिपणं लिहून दिली. ओहमचा नियम नाल्याच्या पाण्याच्या उदाहरणाने समजावला, तर तो म्हणाला, "हे शाळेत का नाही सांगितलं जी?" मी काय बोलणार, शाळेत मीच होतो.

या उन्हाळ्यात त्याच्या गावी जाऊन आलो. आधी ठाण्यात पत्र दिलं, त्यांनी एक हवालदार सोबत दिला, त्याने दोरी धरायला मदत केली. तार सगळी त्यानेच बांधली. बांबू, दोरी, वेढे, चिमटे, सगळं. मी खाटेवर बसून फक्त बघत होतो. मीटर लावून बघितलं, मला एक बोटभरही तार दुमडावी लागली नाही. त्याच्या बहिणीने बॅटरी जोडली, ती दहावीत आहे, पुढच्या वर्षी तीही परीक्षा देते म्हणाली.

परवाना यायचा आहे, म्हणून बटण अजून मीच दाबतो. चंद्रपूरला हाक मारली. भाचा आला. मी माइक खाली ठेवला आणि परत येताना सेट घरी आणला, कारण तसा नियम आहे. तार मात्र या वेळी गुंडाळून आणली नाही. ती त्याच्या घराच्या आढ्याला टांगलेली आहे, वेटोळं करून.

जिल्हा प्रशासनातलं, विद्यापीठातलं, पोलिसातलं कुणी वाचत असेल तर निरोप करा. मी शिकवायला येतो, फुकट येतो, फक्त जायला-यायला एसटी चालू असली पाहिजे. म्हणजे पावसाळ्याच्या आत बोलवा.